पूरक चालेल, रेचक नको

बंगळूरमध्ये फ्लॅट बघायला निघालेला मराठी माणूस काय काय तपासतो, याचा माझा आता चांगला अभ्यास झाला आहे. लिफ्टमध्येच तो एजंटाला शहाजीराजांची जहागीर ऐकवतो. एकोजीराजांनी हे अख्खे शहर म्हैसूरच्या चिक्कदेवराजांना तीन लाख रुपयांत द्यायचे ठरवले होते, हेही सांगतो. तेवढ्या पैशांत आज इथे फार तर एका गाडीच्या पार्किंगचे बोलणे सुरू होते, म्हणून एजंट नुसता मान हलवतो. फ्लॅटमध्ये शिरल्यावर हा नळ सोडतो आणि ‘कावेरी की टँकर?’ असे विचारतो. मोबाइलमधले होकायंत्र काढून ईशान्येला संडास नाही ना, याची खात्री करून घेतो. खिडकीतून तळे दिसते का ते बघतो, आणि तळे बेल्लंदूरचे निघाले तर खिडकी घट्ट बंद होते का तेही बघतो. भिंतीवर टकटक करतो. ती कशासाठी, हे त्याला माहीत नसते, पण वडील करायचे.

एवढे सगळे करणारा माणूस संडासातला फ्लश ओढून न्हाणीच्या जाळीला कान मात्र लावत नाही.

लावला तर बरेच कळेल. धड बांधलेल्या घरात पाणी जाते आणि शांतता होते. इतर घरांत पाणी जाते आणि मग संभाषण सुरू होते. आधी न्हाणीतून एक ‘गुडुप्’, त्याला बेसिनचे उत्तर, मग लांब कुठूनतरी घशाशी आल्यासारखे ‘घर्रर्र’, आणि शेवटी एक हुंदका. नवीन सून घरात आली की हा आवाज नेमका कशाचा, हे तिला विचारता येत नाही आणि सासूला सांगता येत नाही. दोन-चार महिन्यांनी सवय होते. त्यानंतर वास येऊ लागतो, आणि त्याची सवय होत नाही.

सांडपाण्याच्या सगळ्या शास्त्राचा पाया म्हणजे दोन इंच पाणी. कमोडच्या, बेसिनच्या आणि न्हाणीच्या खाली जो वाकडा तुकडा असतो, म्हणजे ट्रॅप, त्यात पाणी अडून राहते. आपल्याकडच्या मानकांप्रमाणे हे पाणी साधारण ५० मिलिमीटर असावे लागते. सांडपाणी त्याच्यावरून पुढे जाते, पण गटारातला वास त्याच्यातून मागे येऊ शकत नाही. तुमचे दीड कोटींचे घर आणि गावाचे गटार यांच्यामध्ये दार नाही, भिंत नाही, सेक्युरिटीचा माणूस नाही. दोन इंच पाणी आहे. बिल्डरने लॉबीला इटालियन संगमरवर लावला असला तरी एवढेच आहे.

या वाकड्या नळीचे पेटंट १७७५ सालचे. घेणारा अलेक्झांडर कमिंग हा मूळचा स्कॉटलंडचा, लंडनमध्ये दुकान थाटलेला घड्याळजी. त्याने तिसऱ्या जॉर्ज राजाला हवेचा दाब नोंदवणारे एक घड्याळ करून दिले होते. ज्याला राजवाड्यातल्या हवेचा दाब मोजता येत होता, त्यानेच संडासाला असे कुलूप लावले की जे हवेच्या दाबानेच उघडते. कारण या दोन इंच पाण्याचा खरा वैरी हवा आहे.

ज्यांच्या घरी पंधरा किलोचा तेलाचा डबा येत असे त्यांना हे समजवावे लागत नाही. डब्याला एकच भोक पाडले तर तेल येते, थांबते, ढेकर देते, पुन्हा येते आणि ओट्यावर सांडते. आजी समोरच्या कोपऱ्यात खिळ्याने दुसरे भोक पाडायची, की धार सरळ. तेल बाहेर जायचे असेल तर तेवढी हवा आत यायला हवी, एवढेच. इमारतीतला उभा पाईप म्हणजे दहा-पंधरा मजली डबा. वरून फ्लशचे पाणी सुटले की ते पाईपच्या भिंतीला चिकटून खाली घसरते आणि मधल्या पोकळीतली हवा स्वतःबरोबर ओढत नेते. त्या हवेच्या जागी दुसरी हवा यायला हवी. म्हणून हा पाईप सगळ्यात वरच्या संडासापाशी संपत नाही. तो गच्चीतून वर निघतो आणि आकाशाकडे तोंड उघडून उभा राहतो. तेच दुसरे भोक. ते बुजले तर पाईप हवा सोडून देत नाही, मिळेल तिथून घेतो. जवळात जवळ म्हणजे तुमच्या न्हाणीच्या ट्रॅपमधून. हवेबरोबर तिथले पाणीही जाते, कुलूप उघडते आणि गटार घरात येते. मघाचा हुंदका तो हाच.

आपल्या आजोबांच्या काळातले इंजिनिअर या बाबतीत भलतेच उदार होते. गिरगाव-दादरच्या जुन्या इमारतींची मागची बाजू बघा. संडासाचा चार इंची बिडाचा पाईप वेगळा, मोरीच्या पाण्याचा वेगळा, आणि त्यांच्या शेजारी एक बारीक पाईप, ज्यातून पाण्याचा थेंबही जात नाही. तो फक्त ट्रॅपना हवा पुरवतो. नुसत्या हवेसाठी सबंध इमारतभर बीड ओतायचे, ही कल्पना आजच्या बिल्डरला सांगितली तर तो आधी तुमच्याकडे आणि मग वकिलाकडे बघेल. त्या पाईपांच्या सांध्यांत पिंपळ उगवले, रंग उडाले, मालक बदलले, पण न्हाणीने कुणाला मध्यरात्री हाक मारल्याचे ऐकिवात नाही.

आमच्या बंगळूरच्या अपार्टमेंटात वर आठ पाईप आहेत. आहेत म्हणजे होते तेव्हा कुणाच्या खिजगणतीत नव्हते. मग असोसिएशनने गच्चीचे ‘स्काय डेक’ केले. हिरवे प्लास्टिकचे गवत आले, वेताच्या खुर्च्या आल्या आणि पहाटे साडेपाचला योगवर्ग आला. बंगळूर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवर, पहाटेची हवा अशी की पुण्याच्या माणसानेसुद्धा कौतुक करावे. गुरुजींनी सांगितले, दीर्घ श्वास आत घ्या. चाळीस सुशिक्षित माणसांनी एकदम घेतला. त्याच वेळी खाली साठ-सत्तर घरांत सकाळचे पहिले फ्लश सुटले होते. फ्लशपुरता पाईप हवा आत ओढतो खरा, पण एरवी गटारातली गरम हवा त्यातूनच वर येते आणि मोकळ्यावर जाते. ते त्याचे कामच आहे. पूरक झाला, कुंभक काही केल्या कुणाला जमेना.

ठराव एकमताने झाला. पुढच्या रविवारी आठही पाईपांना प्लास्टिकची टोपणे बसली, आणि ती हिरव्या रंगात रंगवली गेली, म्हणजे गवताशी मेळ राहील. मीसुद्धा हात वर केला होता. एकमताच्या ठरावात हात खाली ठेवणाऱ्याला पुढच्या वर्षी सेक्रेटरी करतात, आणि ती जोखीम माझ्या वयाला झेपणारी नाही.

पुढे जे झाले ते व्हॉट्सॲप ग्रुपवर तारीखवार जपलेले आहे. आधी नवव्या मजल्यावरून वासाची तक्रार आली. त्यावर एकाने शेजारच्या बंगाली कुटुंबाकडे मासे होते का, अशी विचारणा केली आणि ग्रुप तीन दिवस मूळ विषयापासून दूर गेला. मग सहाव्या मजल्याला वास आला, मग चौथ्याला. कुणी बेल्लंदूरच्या वाऱ्याला दोष दिला, कुणी आमच्याच आवारातल्या सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाला. एका बाईंनी न्हाणीत रोज कापूर जाळायला सांगितले. गटारातल्या वायूत मिथेन असू शकतो, हे त्यांना नम्रपणे कळवण्यात आले. डांबराच्या गोळ्या इतक्या खपल्या की कोपऱ्यावरच्या दुकानदाराने त्या बिस्किटांच्या शेजारी मांडल्या. वास काही हलेना. आता घराला गटाराचा आणि आजोळच्या कपाटाचा असा मिश्र वास येऊ लागला.

शेवटी प्लंबर आला. बंगळूरचा प्लंबर बहुधा ओडिशाचा असतो, आणि ओडिशाचा असला की बहुधा केंद्रपाडा जिल्ह्यातला. त्या जिल्ह्यातल्या पट्टामुंडाई भागातून प्लंबर देशभर जातात, आणि तिथे ओडिशा सरकारने प्लंबिंग शिकवणारी खास संस्थाही काढली आहे. आमच्याकडच्या इंजिनिअरांनी लॅपटॉपवर आकृत्या काढून त्याला सगळे प्रकरण समजावून दिले. त्याने ऐकून घेतले आणि कुठल्याही घरात न जाता सरळ गच्चीवर गेला. तिथे त्याने एक हिरवे टोपण उपसले. पाईपने असा काही श्वास घेतला की खुर्चीवरचे वर्तमानपत्र हलले.

“साब, हवा बंद किया, बास चालू हुआ,” तो म्हणाला. एवढ्या कमी शब्दांत निदान करणारा डॉक्टर मला अजून भेटलेला नाही. त्याची फीही डॉक्टरपेक्षा कमी होती, तरी दोघांनी घासाघीस केली.

आता पेच पडला. टोपणे काढली तर योग जातो, ठेवली तर घरदार जाते. तेव्हा म्हैसूरचे एक निवृत्त सिव्हिल इंजिनिअर आजोबा उठले. आमच्या असोसिएशनमध्ये सगळेच एकमेकांना ‘सार्’ म्हणतात, पण यांना म्हणताना आवाज थोडा खाली येतो. त्यांनी खिशातून मुठीएवढी प्लास्टिकची एक वस्तू काढून टेबलावर ठेवली. एअर ॲडमिटन्स व्हॉल्व्ह.

ही चीज स्वीडनची. स्टुरे एरिक्सन नावाच्या माणसाने ती १९७० च्या दशकात आणली. थंड देशांत छपरावरच्या पाईपच्या तोंडाशी बर्फ धरतो आणि दुसरे भोक आपोआप बुजते, शिवाय छपराला जितकी भोके तितकी घरातली ऊब बाहेर. त्यापेक्षा भोक घराच्या आतच ठेवावे आणि त्याला असे झाकण द्यावे की जे फक्त एका बाजूला उघडेल. व्हॉल्व्हमध्ये रबराचा एक पातळ पडदा स्वतःच्या वजनाने बसलेला असतो. पाईपमध्ये हवेची ओढ निर्माण झाली की तो वर उचलला जातो, खोलीतली हवा आत जाते, ओढ संपली की पडदा पुन्हा खाली बसतो. आतून वास वर आला तर पडद्याला उलट अधिकच घट्ट दाबतो. ट्रॅपमधले पाच सेंटिमीटर पाणी ओढून न्यायला साधारण ४९० पास्कल एवढी ओढ लागते. असा व्हॉल्व्ह ७० पास्कलच्या आसपासच उघडतो. म्हणजे पाण्याच्या पातळीवर जेमतेम सात मिलिमीटरचा फरक पडतो न पडतो तोच हवा हजर.

सभेत प्रश्न आले. बंगळूरची सभा असल्यामुळे पहिला प्रश्न, याचे ॲप आहे का? नाही. वायफायला जोडता येतो? नाही. वीज किती खातो? खात नाही. मग चालतो कशावर? “गुरुत्वाकर्षणावर,” आजोबा म्हणाले. सभेत थोडी नाराजी पसरली. स्टार्टअप काढून बसलेल्या एका मुलाने यात सेन्सर घालून मासिक वर्गणी लावता येईल, असे सुचवले. आजोबांनी त्याच्याकडे फक्त पाहिले.

मी वेगळ्याच कारणाने खूश होतो, कारण ही वस्तू मी ओळखत होतो. अमेरिकेतल्या भाच्याच्या स्वयंपाकघरात मधोमध ओटा आहे, सिंकही त्यातच. चारही बाजूंनी फिरता येते, पण मागे भिंतच नाही, मग हवेचा पाईप वर न्यायचा कुठून? म्हणून सिंकखालच्या कपाटात, साबणाच्या बाटल्यांच्या मागे, हा व्हॉल्व्ह बसवलेला होता. तिकडचे जुने प्लंबर अशा सोयीला ‘चीटर व्हेंट’ म्हणतात, आणि तिथे अजूनही गावागणिक नियम वेगळे आहेत. एका ठिकाणी चालतो, शेजारच्या गावातला निरीक्षक बघून नाक मुरडतो. मला मात्र तिथे कसलाही वास आला नव्हता. भाचेसुनेने केलेल्या भरल्या वांग्याचा सोडून.

सभा व्हॉल्व्हच्या बाजूने झुकली. आठही पाईपांना लावून टाकू, अशी सूचना आली. तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या नागपूरच्या काकू बोलल्या. इतका वेळ त्या गप्प होत्या, कारण त्यांची तक्रार सगळ्यांच्या उलट होती. “तुमची न्हाणी पाणी ओढून घेते ना? आमची परत करते.”

हा व्हॉल्व्हचा विचार करताना हमखास विसरला जाणारा भाग आहे. वरच्या मजल्यांवर पाईप हवा ओढतो, पण खाली, जिथे उभा पाईप आडवा होतो, तिथे वरून आलेले पाणी आपटते, तुंबते आणि पुढची हवा कोंडते. तिथे ओढ नसते, धक्का असतो. त्या धक्क्याने पहिल्या मजल्यावरच्या ट्रॅपमधले पाणी उसळते, कमोडमधून बुडबुडे येतात. त्यात रविवारी सकाळी बारा मजल्यांची वॉशिंग मशिने एकदम सुटली की साबणाचा फेस त्याच वळणात दाटतो आणि काकूंच्या न्हाणीतून शुभ्र, दाट, सुगंधी असा वर येतो. बेल्लंदूरच्या तळ्यातला फेस रस्त्यावर उडालेला अख्ख्या देशाने टीव्हीवर पाहिला, मे २०१५ मध्ये त्या फेसाने पेट घेतला तोही पाहिला. काकूंना तो घरपोच मिळत होता.

कोंडलेल्या हवेला वरून सुटायला जागा हवी. हा व्हॉल्व्ह ती देत नाही. तो हवा फक्त आत घेतो, सोडत नाही. त्याच्याकडे पूरक आहे, रेचक नाही. म्हणूनच तो वापरणाऱ्या देशांतले नियमही म्हणतात की घरात हवे तेवढे व्हॉल्व्ह लावा, पण इमारतीचा निदान एक पाईप बाहेर मोकळ्या हवेत उघडा ठेवा. उंच इमारतींत धक्का झेलण्यासाठी आणखी एक उपकरण निघाले आहे. एडिंबरोच्या हेरियट-वॉट विद्यापीठातल्या जॉन स्वॅफील्ड यांच्या संशोधनातून ते आले. त्यात रबराची पिशवी असते, ती फुगते आणि धक्का पोटात घेते. त्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे घेतली तर ‘पापा’ होतात. व्हॉल्व्हने ऐकले नाही तर पापांना बोलवा, असे कुणीतरी म्हणालेच.

एवढ्यावर आजोबांनी सभा गंभीर केली. मार्च २००३ मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या उंच इमारतींच्या वसाहतीत सार्सचा एक रुग्ण येऊन राहिला. पुढे तिथल्या तीनशेहून अधिक रहिवाशांना लागण झाली, ४२ जण दगावले. तपासात बोट आले ते न्हाणीच्या ट्रॅपवर. तिथले लोक फरशी धूत नसत, पुसत. त्यामुळे न्हाणीत पाणी जातच नव्हते, ट्रॅप कोरडे पडले होते, आणि न्हाणीघरातला एक्झॉस्ट पंखा लावला की पाईपातली हवा सरळ घरात ओढली जात होती. सभेत कुणी काही बोलले नाही. त्या वसाहतीसारखेच आमच्याकडेही पोछा आहे, पंखा आहे, आणि मार्च २०२४ च्या पाणीटंचाईपासून तर न्हाणीत तांब्याभर पाणी ओतणे हाही अपराध वाटू लागला आहे. त्या महिन्यात इथल्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने गाडी धुणाऱ्याला पाच हजारांचा दंड लावला, नळांना एरेटर सक्तीचे केले. ते योग्यच होते. पण पाहुण्यांच्या खोलीतला, कुणी न वापरलेला ट्रॅप त्या उन्हाळ्यात किती घरांत कोरडा पडला असेल, त्याची मोजदाद कुठल्या खात्याकडे असणार?

ठराव काय झाला ते सांगतो. व्हॉल्व्ह आले नाहीत. आजोबांनी ते दाखवायला आणले होते, विकायला नव्हे. गच्ची वापरात असेल तर हवेचा पाईप तिच्यावर सात फूट चढवावा, असा एक जुना, साधा, अमेरिकन नियमपुस्तकातही असलेला उपाय त्यांनी शेवटी सांगितला. म्हणजे योग करणाऱ्यांची नाके खाली आणि पाईपचे तोंड वर. सात फूट पीव्हीसी पाईप, एक जोड, एक जाळी. या उपायावर सर्वांत मोठा आक्षेप ‘दिसायला बरे दिसत नाही’ हा होता, आणि तो हिरवे टोपण सुचवणाऱ्यांनीच घेतला. पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या न्हाणीची जोडणी खालच्या वळणापासून दूर, स्वतंत्र चेंबरला नेली. रविवारचा फेस आता शुद्धीकरण प्रकल्पात जातो.

माझे मत विचाराल तर व्हॉल्व्ह हुशार आहे, पण त्याची जागा मधोमध ओटा असलेल्या स्वयंपाकघरात, किंवा जिथून पाईप वर नेताच येत नाही अशा आतल्या न्हाणीघरात. तोही उभा बसवलेला, हात पोचेल असा, आणि भोवती हवा खेळती असलेला. भिंतीत चिणून वर टाइल लावणारा कंत्राटदार भेटला तर त्याला आल्या पावली परत पाठवा. जिथे डोक्यावर आकाश फुकट आहे, तिथे उघड्या पाईपइतके बिनतक्रार काम कुठलेही यंत्र करत नाही.

तेव्हा मे महिन्यात गावाला निघताना गॅस बंद केला का, हे चार वेळा बघाल तेव्हा प्रत्येक न्हाणीत तांब्याभर पाणी ओता. घर बरेच दिवस बंद राहणार असेल तर वर चमचाभर गोडेतेल सोडा, पाणी लवकर उडत नाही. आणि गच्चीवरच्या पाईपला डासांसाठी जाळी बांधा, टोपण घालू नका.